डावीकडचं चॉकलेट

मे महिन्यात डोंबिवलीत चॉकलेट टिकत नाही. सकाळी त्याची वडी असते, दुपारी ती कागदाला चिकटते आणि चहाच्या वेळेपर्यंत तिला आकार उरत नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत एसी चालू असतो, त्यामुळे हे लक्षात येत नाही. तिथे ऋतू कळतो तो रस्त्यावर उतरल्यावर. परवा गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि येऊरच्या बाजूने आलेली एक बाई टोपलीत रायवळ आंबे घेऊन त्यांच्यामधून चालत होती. काच खाली केली. गरम हवेबरोबर तो वास आत आला. गोड, आंबट आणि मागे थोडा राळेसारखा उग्र. तोंडाला पाणी सुटलं, आणि पाठोपाठ जीभ दुसऱ्याच एका चवीची वाट पाहू लागली. कडू चॉकलेटची.

रायवळच्या वासाने कोणाला चॉकलेट आठवत असेल, असं वाटत नाही. आमच्या घरातल्या माणसांना आठवतं. त्यासाठी डोंबिवलीचा तो एक उन्हाळा सांगावा लागेल.

त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये डीप फ्रीझर होता. सोफ्याच्या जागी. पांढरा, आडवा, वर उघडणाऱ्या झाकणाचा, एका बंद पडलेल्या दुकानातून आलेला. तो दारातून आत यावा म्हणून दाराची चौकट थोडी तासावी लागली होती. सोफा शेजारच्या कुलकर्ण्यांकडे पाहुणा म्हणून गेला होता. फ्रीझरला एक सततची घरघर होती. आईच्या मालिकेतली माणसं रडायला लागली की नेमका त्याचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. आई पोस्टातून निवृत्त झालेली. तिला प्रत्येक वस्तू तिच्या खणात लागते. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मालिका कमी आणि फ्रीझर जास्त पाहायची.

फ्रीझर वहिनीचा. मेघनावहिनी चॉकलेट करायची. आधी एका क्लासला जाऊन शिकली, मग घरी करून पाहिली, मग दिवाळीत तिचे डबे डोंबिवलीभर गेले. मार्चपासून मात्र कोणी विचारेना. एक डबा कळव्याला पाठवला होता, तो पोचला तेव्हा आतल्या सगळ्या चॉकलेटांची मिळून एक पाटी झाली होती. त्यावर वहिनीने काढलेला निष्कर्ष सरळ होता. चॉकलेटला उन्हाळा सोसत नसेल, तर त्याला उन्हाळ्यातल्या पदार्थाशेजारी नेऊन बसवायचं. कुल्फी, आइस्क्रीम, फळांचा गोठवलेला रस. जोड्या लावायच्या आणि लग्नाच्या, हळदीच्या, मुंजीच्या ऑर्डरी घ्यायच्या.

दादाला, म्हणजे माझ्या भावाला, कल्पना आवडली. आईने अट घातली. शाळा सुरू होईपर्यंत फ्रीझर हॉलमध्ये राहील. तोपर्यंत हातात पुढची ऑर्डर असली तर पाहू. नसली तर फ्रीझर जाईल, सोफा येईल आणि वहिनी तिच्या मावशीच्या शाळेत ऑफिसात चिकटेल. तिथली जागा मावशीने अडवून धरली होती. वहिनीने हो म्हटलं. तिला त्या ऑफिसात जायचं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईलाही.

साप्ताहिक सुट्टीला मी डोंबिवलीला जायचे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्यांमधली विशेषणं काढण्याचं काम करणाऱ्या माणसाला चव सांगायला बसवणं तसं चुकीचं. पण वहिनीला विशेषणं नकोच होती. तिला हवं होतं ते इतकंच की आधी काय लागलं, मग काय लागलं, आणि शेवटी तोंडात काय उरलं.

त्या संध्याकाळींची मजा अजून अंगात आहे. पंखा पूर्ण वेगात, खिडकीत ओला पंचा, आणि फ्रीझरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरून पावलांना लागायची. सगळे त्या वाफेत पाय घालून बसायचो. पहिली जोडी चिकूचं आइस्क्रीम आणि दुधाचं चॉकलेट. दोन्ही एकाच रंगाची, एकाच स्वभावाची. कोणाचं काय ते कळेना. दुसरी शहाळ्याची मलई आणि पांढरं चॉकलेट. दादा म्हणाला, खाल्ल्यावर झोप येते. तिसऱ्या वेळी वहिनीने कडू चॉकलेटमध्ये खोबरेल तेल घातलं आणि गोठलेली कुल्फी त्यात बुचकळून काढली. बघता बघता कुल्फीवर काळं, तकतकीत कवच चढलं. चमचा मारला की टक् करून फुटायचं. आवाजावर सगळे खूश झालो. मग खाल्लं.

“अभ्यंगस्नान झालं,” दादा म्हणाला. “आता उटणं आण.”

ते तेल घाण्यावरचं, वासाचं निघालं होतं. पुढच्या खेपेला वहिनीने बिनवासाचं आणलं आणि कवच जमलं. पण जमूनही काही तरी चुकत होतं. चॉकलेटचा एक गुण त्या उन्हाळ्यात कळला. ते थंडीत मुकं होतं. गोठलेलं चॉकलेट जिभेवर आधी मेणासारखं लागतं. ते वितळून बोलायला लागेपर्यंत आइस्क्रीम घशाखाली गेलेलं असतं. एकाच घासातले दोन पाहुणे, पण एक निघाल्यावर दुसरा पोचतो. आज घोडबंदर रोडवर चकचकीत दुकानांमध्ये आइस्क्रीमवर चॉकलेट ओतलेलं असतं, आत कोंबलेलं असतं, वर किसलेलं असतं. मुलं आनंदाने खातात, मीही खाते. पण डोळे मिटून खाल्लं तर खाली कोणतं आइस्क्रीम होतं, ते सांगता येत नाही. जोडी लावणं म्हणजे दोघांचा आवाज ऐकू येणं, हे तिथे कोणाच्या गावी नसतं.

आईने या खाण्यात भाग घेतला नाही. चॉकलेटने खोकला होतो, हे तिचं ठरलेलं. वहिनीने हापूसची कुल्फी चॉकलेटमध्ये बुडवली त्या दिवशी तर ती उठून गॅलरीत गेली. खरं सांगायचं तर हापूसच्या बाबतीत आईचं बरोबर होतं. हापूस स्वतःच इतका पूर्ण असतो की शेजारी आलेल्या कोणालाही जागा देत नाही.

आणि मग रायवळ आला. आईनेच आणला होता, सार करायला. छोटे, रेषाळ, चोखून खायचे आंबे. त्यातल्या उरलेल्यांचा रस वहिनीने गाळला, आटवलेल्या दुधात घातला आणि गोठवला. त्याच्याबरोबर सगळ्यात कडू चॉकलेटचा एक तुकडा. मी घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. रायवळच्या आंबटपणाने चॉकलेटचा कडूपणा धरला होता आणि दोघांच्या मधून तिसरीच एक चव येत होती, ओल्या मातीच्या आणि मनुकांच्या जवळची. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी मान हलवली तशी तिने दादाच्या पाठीत एक जोरात धपका घातला. आनंद झाला की ती असं करते.

त्याच आठवड्यात मढवी काकींचा निरोप आला. मानपाड्याच्या या काकी वहिनीच्या दिवाळीच्या गिऱ्हाईक. जिथे त्यांचं भाताचं शेत होतं तिथे आता उंच इमारती आहेत आणि त्या इमारतींच्या मागे त्यांचं स्वतःचं तीन मजली घर. मुलाची हळद होती. आगरी घरातली हळद, म्हणजे लग्नापेक्षा मोठी. शेवटी काही तरी थंड, नवीन, पोरांना आवडेल असं द्यायचं त्यांच्या मनात होतं. वहिनीने रायवळ सांगितला. काकी खूश झाल्या. आंबा त्यांच्याच जुन्या झाडाचा घ्या म्हणाल्या.

नमुना दाखवायला आम्ही दोघी गेलो. थंड पेटी मांडीवर. ओसरीवर काकी होत्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, जनाबाई. घरात शेवटचा शब्द जनाबाईंचा. वहिनीने पेटी उघडली आणि रात्रभर राबून केलेला सर्वांत सुंदर नमुना पुढे ठेवला. रायवळची गोल कुल्फी, वर अखंड काळं कवच, आरशासारखं.

काकींनी जाऊबाईंकडे पाहिलं. जनाबाईंनी पदर सावरला आणि तोंड दुसरीकडे केलं.

“हलदीला काला?” त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

तेव्हा आमच्या लक्षात आलं आणि जमीन दुभंगावी असं वाटलं. हळदीच्या घरात नवऱ्या मुलाच्या अंगाला पिवळं लागतं, मांडव पिवळा, पातळं पिवळी, आणि आम्ही त्या पिवळ्या आंब्याला नखशिखान्त काळं फासून घेऊन गेलो होतो. आमच्याही घरात हळदीला कोणी काळी साडी नेसत नाही. हे माहीत नसतं असं नाही. पण चॉकलेटला रंग असतो हेच आम्ही विसरलो होतो. आमच्या मते तो चवीचा भाग होता.

काकी चांगल्या बाई. त्यांनी जाऊबाईंची नजर चुकवून कुल्फीचा एक तुकडा तोंडात टाकला, आम्हाला थंड ताक दिलं, आपल्या जुन्या झाडाचे आंबे पिशवीत भरून दिले आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या. “पोरी, मना चव आवरली,” त्या वहिनीला हळूच म्हणाल्या. “पन पिवला दिसला पायजे. येक डाव परत दाखव.”

घरी आल्यावर वहिनीने पंखाही लावला नाही. कवच अर्धंच चढवून पाहिलं; अर्धं काळं पूर्ण काळ्याहून वाईट दिसत होतं. चॉकलेटच्या बारीक रेघा ओढल्या, तर कुल्फी पट्ट्यांचा पायजमा घातल्यासारखी झाली. आत भरलं, तर कापल्यावर काळं बाहेर आलं. पांढरं चॉकलेट लावलं, तर रायवळ त्याच्या गोडव्यात बुडून गेला. त्यात दुरुस्तीसाठी वीज गेली. वहिनी जागची हलली नाही. कपाटातून गोधड्या काढून फ्रीझरला गुंडाळणारी बाई आई होती. गुंडाळताना ती बडबडत होती. माल नासला तर वास सगळ्या घराला यायचा, सोफ्यालाही पुढे तोच वास लागायचा, वगैरे.

शाळा सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. वहिनीने मावशीला करायला म्हणून फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मग टेबलावर कोपर टेकून नुसती बसली.

आईला ते पाहवलं नसावं. किंवा तिला नुसता राग आला असेल. आमच्या आईत या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत.

“सगळं एकमेकांच्या डोक्यावर कशाला ओततेस गं?” ती म्हणाली. “श्रीखंडावर लोणचं ओततेस का? लोणचं डावीकडे वाढतात. कडू, तिखट, खारट जे काय असेल ते डावीकडे, बोटभर. ज्याला जेव्हा हवं तेव्हा तो बोट लावील. एवढं शिकून एवढं कळत नाही तुम्हाला.”

ती हे भांडणाच्या सुरात म्हणाली आणि गॅस पेटवून चहाकडे वळली. वहिनी मात्र सावकाश उठली. तिने चॉकलेट वितळवलं, गोठवायला म्हणून नव्हे. त्यात नारळाचं दाट दूध घातलं, चिमूटभर मीठ घातलं आणि चटणीइतकं सैल ठेवलं. बशीत उजवीकडे रायवळची पिवळी कुल्फी ठेवली आणि डाव्या कडेला त्या चॉकलेटचं एक बोट. आम्ही चमच्याच्या टोकाला चॉकलेट लावलं, मग कुल्फीचा घास घेतला. आणि ते बोललं. थंडीत न गेल्यामुळे चॉकलेट आधीपासून जागं होतं. जिभेवर पडताक्षणी कडू, खारट, मग त्यावर आंब्याचा गार लोट, मग दोघं एकत्र. ज्या उकाड्याने कळव्याच्या डब्याची पाटी केली होती तो उकाडाच आता चॉकलेट सैल राखण्याचं काम फुकट करत होता. दादाने बशी चाटली. वहिनी हसत होती आणि तिला कोणाच्या पाठीत धपका घालावा ते सुचत नव्हतं.

आई चहा गाळत होती. वहिनीने बशी तिच्यापुढे धरली. आईने बोट लावलं, चाखलं, आणि मीठ किंचित जास्त झाल्याचं सांगितलं. खोकल्याचा विषय निघाला नाही.

आपल्या ताटाचा हा नियम किती लहानपणापासून हाताला माहीत असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. पोट भरणारं उजवीकडे. डावीकडचं थोडं असतं, पण जेवण पुढे सरकतं ते त्याच्यामुळे. एखाद्या ताटात डावी बाजू रिकामी असली तर सगळं असूनही काही तरी राहिल्यासारखं वाटतं. हा नियम आइस्क्रीमलाही लागू पडेल हे कधी कोणाला सुचलं नाही, कारण आइस्क्रीम आपण ताटात नाही, हातात खातो. उभ्याने, घाईने, वितळण्याआधी.

मढवी काकी नव्या नमुन्यासाठी आमच्या घरी आल्या. फ्रीझरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी खाल्लं आणि पिवळं दिसतंय म्हणून समाधानाने मान डोलावली. जनाबाई आल्या नाहीत. त्यांचं काय, असं वहिनीने विचारलं, तेव्हा काकी म्हणाल्या की त्या मांडवातच काय ते बोलतील.

हळदीच्या दिवशी मानपाड्यात मांडव रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत आला होता. बेंजो वाजत होता, पिवळ्या पातळांतल्या बायका फेर धरून नाचत होत्या, आणि एका बाजूला लांबलचक टेबलांवर पंगती बसत होत्या. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वडे. पान उचललं की प्रत्येकापुढे सुपारीच्या पानाची छोटी ताटली यायची. उजवीकडे रायवळची कुल्फी मी आणि दादा ठेवत होतो. डावीकडे चॉकलेट वाढायला वहिनी उभी होती, पण तिचं लक्ष पंगतीकडे होतं आणि पहिल्याच ताटलीत चॉकलेटचा ओघळ आंब्यापर्यंत गेला. आईने तिच्या हातातून पळी काढून घेतली. आई केवळ पाहायला आली होती. ठेवणीतली साडी नेसून.

पहिली पंगत गोंधळली. एका काकांनी ती चिंचेची चटणी समजून हातात उरलेला वडा त्यात बुडवला, खाल्ला, थोडा विचार केला आणि पुन्हा बुडवला. शेजारच्याने त्यांना वेड्यात काढलं, मग स्वतःही वडा मागवला. पोरांना सांगावं लागलं नाही. ती बोट काळ्यात, मग पिवळ्यात घालून चाटत होती, आणि ज्याची कुल्फी संपली पण चॉकलेट उरलं त्याची इतर सगळे थट्टा करत होते. नवऱ्या मुलाचे मित्र नाचता नाचता येऊन उभ्याउभ्याच ताटल्या मागायला लागले. दादा पेटीकडे धावत होता, मी रिकाम्या ताटल्या उचलत होते, आणि घामाने, हळदीने, आंब्याच्या वासाने सगळा मांडव भरून गेला होता. वहिनी मात्र एकाच जागेकडे पाहत होती.

तिथे जनाबाई पंगतीला बसल्या होत्या.

आईने त्यांच्या ताटलीत डावीकडे चॉकलेट वाढलं. जनाबाईंनी ते निरखून पाहिलं. पिवळ्या आंब्याशेजारचा तो काळा ठिपका. आजूबाजूच्या बायका वाकून पाहू लागल्या. काकी पदराने वारा घेत होत्या, त्यांचा हात थांबला.

“तीट लावलेय जशी,” जनाबाई म्हणाल्या. “बरा केलास. पोराला नजर नाय लागाची.”

मग त्यांनी खाल्लं. बोटाने, डावीकडून उजवीकडे, आम्ही घरी खात होतो तसंच. ताटली पुसल्यासारखी स्वच्छ झाल्यावर त्यांनी दुसरी मागितली. ती संपवून त्यांनी आईला जवळ बोलावलं. आपल्या धाकट्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे, तिच्या हळदीलाही हेच पाहिजे, तेव्हा आंबा नसेल तर दुसरं काही पिवळं करा, पण तीट अशीच हवी, असं त्यांनी सांगितलं. मी दादाकडे पाहिलं. तुळशीचं लग्न म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर. शाळा सुरू होणार, सत्र संपणार, तोवर फ्रीझर हॉलमध्ये घरघरत राहणार. वहिनी आईकडे पाहत होती, कारण उत्तर आईनेच द्यायचं होतं.

आईने पळी भांड्याच्या काठावर निथळली. पुढच्या ताटलीत डावीकडे बोटभर वाढलं.

“करू की,” ती म्हणाली. जनाबाईंनी विचारलं, ही वाढायची पद्धत कोणाकडची. आई पुढे सरकत म्हणाली, “आमच्याकडे पहिल्यापासून असंच वाढतात.”